पूर्ण नाव काय म्हणालात?

यंदाच्या ऑगस्टमधली गोष्ट. दुसरा शनिवार असल्याने कोर्टाला सुट्टी होती. आम्ही पुण्यातल्या आमच्या ऑफिसात जुन्या फायली चाळत बसलो होतो. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. एवढ्यात दारात एक बाप आणि त्याची लेक येऊन उभी राहिली. बापाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रांची फाईल, लेकीच्या पाठीवर सॅक. "जय भीम साहेब" म्हणून बाप भिजलेल्या कपड्यांनी खुर्ची खराब होईल या संकोचाने खालीच बसू लागला. आम्ही हाताला धरून त्यांना खुर्चीवर बसवले.

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला हा माणूस. दीड एकर कोरडवाहू जमीन, बाकी दुसऱ्याच्या रानात मजुरी. लेकीने सीईटीत चांगले गुण मिळवून पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळवला. त्यांच्या गावातून इंजिनिअर होऊ पाहणारी ही पहिलीच मुलगी. आमचा पत्ता तिकडच्या एका जुन्या कार्यकर्त्याने दिला होता.

"साहेब, कॉलेज भेटलं. फीचं बी कसंतरी जमलं. पर पोरीला ठेवू कुठं?" बापाने एका दमात सांगून टाकले.

कॉलेजच्या वसतिगृहात मुलींच्या जागा मोजक्या आणि त्या भरून गेलेल्या. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज भरलेला, पण यादी लागायला महिना तरी जाणार. आणि वर्ग सोमवारपासून सुरू. गावचा एक तरुण बांधकामावर वॉचमन आहे, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बापलेकीने तीन रात्री काढल्या होत्या आणि तीन दिवसांत सात खोल्या पाहिल्या होत्या. त्या सात दारांची हकीकत मुलीनेच आम्हाला सांगितली. ती इथे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण शहरात जातीयता राहिली नाही, असे व्याख्यानांतून सांगणाऱ्यांची संख्या हल्ली फार वाढली आहे.

पहिल्या घरी मालकीणबाईंनी पाणी दिले, चहा दिला, खोली दाखवली. मग विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" मुलीने आडनावासकट नाव सांगितले. बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मिस्टरांना विचारून कळवते." दुसऱ्या घरी आधीच नाव विचारले, त्यामुळे चहासुद्धा वाचला. तिसरीकडे शाकाहारी मुलगी हवी होती. खोलीत काही शिजवणार नाही, मेसलाच जेवीन, असे मुलीने सांगितले. उत्तर आले, "तसं नव्हे गं, पण घरात देवघर आहे." चौथीकडे फोनवर सांगितलेले भाडे नाव ऐकल्यावर दीडपट झाले. पाचवीकडचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही जातपात अजिबात मानत नाही हो, पण सोसायटीतले लोक फार जुन्या वळणाचे आहेत." सहाव्या घरमालकाने, खरे तेच सांगायचे तर, काहीही विचारले नाही. पण एका खाटेचे भाडे नऊ हजार आणि दोन महिन्यांचे डिपॉझिट, हे ऐकून बापच उठून उभा राहिला.

सातव्या ठिकाणी एजंट भेटला. तो मनाने चांगला असावा. जिना उतरताना त्याने हळूच सल्ला दिला, "पोरी, आडनाव कशाला सांगतेस? तुझं नाव आणि वडिलांचं नाव, एवढंच सांगत जा. कोण तपासायला बसलंय?"

हे सांगून ती मुलगी थांबली. मग तिने आम्हाला सरळच विचारले, "सर, सांगू का तसं?"

बावीस-तेवीस वर्षे वकिली करणाऱ्या, सभेत माईक हातात आला की अर्धा तास न थांबता बोलणाऱ्या आम्हाला त्या अठरा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. का देता आले नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

हा प्रश्न आजचा नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये तो बडोद्याच्या रस्त्यावर खुद्द बाबासाहेबांपुढे उभा राहिला होता. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमधले शिक्षण अर्धवट सोडून ते संस्थानच्या नोकरीवर हजर व्हायला आले होते. हिंदू हॉटेलात थारा मिळणार नाही हे ठाऊक होते. म्हणून एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव लावून जागा घेतली. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचे बजावून गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने नोकरांचे कारण पुढे केले, दुसऱ्याने बायकोचे. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे पाच तास जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस कामाठी बागेत बसून होता. त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. अठरा वर्षे उलटल्यावरही तो आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, अशी कबुलीही दिली आहे.

आता याच्या उलट बाजू पाहा. त्याआधी चारच वर्षे, १९१३ मध्ये, हेच बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा कोलंबियाच्या वसतिगृहाने त्यांना जात विचारली नाही. पुढे तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. बडोद्यात काठ्या घेऊन आले तेही पारशी आणि न्यूयॉर्कमध्ये जिवाभावाचा मित्र झाला तोही पारशी! वसतिगृहाच्या एका खोलीने जोडलेला हा मित्र आयुष्यभर टिकला. १९२० मध्ये लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब पुन्हा निघाले तेव्हा याच भथेनांनी त्यांना कर्जाऊ पैसे दिले. एक खोली माणसाला बागेत आणून बसवते आणि एक खोली माणसाला बॅरिस्टर व्हायला मदत करते. विद्यार्थ्याच्या आयुष्यात खोलीचे मोल काय असते, ते यावरून समजून घ्यावे.

आता आमचे सांगतो. ही कबुली आम्ही आजवर कुठल्या सभेत दिलेली नाही.

१९९९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आम्ही मराठवाड्यातून पुण्यात आलो. पहिले चार महिने ताडीवाला रोडच्या वस्तीत एका गाववाल्या काकांकडे काढले. काका रेल्वेत खलाशी. दहा बाय बाराची खोली, घरात सहा माणसे, सातवे आम्ही. काकूंनी कधी तोंड वाकडे केले नाही. परातीत दोन भाकरींचे पीठ जास्त पडू लागले, एवढाच काय तो फरक. रात्री अभ्यासाला विहारात बसायचे. तिथल्या ट्यूबलाइटखाली आमच्यासारखी आणखी पाच-सहा मुले असत. कोणी पोलीस भरतीची तयारी करणारा, कोणी बी.कॉम.चा. एकाकडची पुस्तके दुसऱ्याकडे फिरत. वस्तीतले एक निवृत्त कारकून रोज दहा वाजता येऊन कोण हजर, कोण गैरहजर ते पाहून जात. आमचे कोणीच नव्हते ते. पण त्यांच्या धाकाने आम्ही शिकलो.

पण वय अडनिडे होते. वर्गातल्या मुलांना पत्ता सांगायची लाज वाटू लागली. कॉलेजजवळ पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर जागा असल्याचे कळले. घरमालकांनी नाव विचारले. आम्ही आमचे आणि वडिलांचे नाव सांगितले आणि थांबलो. पुढे विचारले तेव्हा एक गुळगुळीत, कुठेही खपून जाईल असे आडनाव ठोकून दिले. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेच्या तळाशी कपड्यांखाली गेला. चौदा एप्रिलला आम्ही डोकेदुखीचे निमित्त करून दिवसभर खोलीत पडून राहिलो. खाली रस्त्यावरून मिरवणूक जात होती आणि आम्ही खिडकी लावून घेतली.

मे महिन्यात वडिलांचे पोस्टकार्ड आले. वडील चौथी शिकलेले. अक्षर मोठे आणि ठसठशीत. वर पहिल्याच ओळीत, जसे ते नेहमी लिहीत, 'चि. बाळास सप्रेम जय भीम'. पोस्टकार्ड उघडेच असते. ते मालकीणबाईंच्या हाती पडले. संध्याकाळी मालकांनी बोलावून सांगितले, "आमच्याकडे गावाहून पाहुणे यायचे आहेत. महिनाअखेर जागा रिकामी करा." पाहुणे कोणतेही येणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हालाही.

आम्हाला राग कोणाचा यावा? मालकांचा नाही आला. वडिलांचा आला. आम्ही त्यांना पत्र लिहिले की यापुढे कार्डावर जय भीम लिहीत जाऊ नका, इथे अडचण होते. पंधरा दिवसांनी उत्तर आले, ते आंतरदेशीय पत्रावर. चारी बाजूंनी चिकटवलेले. वडिलांनी एका शब्दाने विचारले नव्हते की कसली अडचण. फक्त पत्र फाडल्यावर आत पहिल्या ओळीत तेच अक्षर, 'सप्रेम जय भीम'. पोस्टकार्डाच्या कितीतरी पट महाग असलेले ते पत्र पुढची चार वर्षे ते मजुरीच्या पैशातून विकत घेत राहिले. मुलाची लाज झाकायला! ती सगळी पत्रे आजही आमच्या कपाटात आहेत.

ट्रंक उचलून आम्ही ताडीवाला रोडला परत गेलो. वाटले होते काकू बोलतील. त्यांनी फक्त विचारले, "जेवलास का?"

बांधवांनो, खोटे नाव सांगून मिळालेली खोली ही खोली नसते. तिथे माणूस दार लावून राहतो, मित्र घरी आणत नाही, आईबापाला बोलावत नाही, आजारी पडला तर सांगत नाही. अशा खोलीत राहिलेला मुलगा पदवी मिळवेल, नोकरीही मिळवेल. पण ते आडनाव पुढे त्याच्या अंगाला चिकटते. आज मोठ्या हुद्द्यांवर बसून समाजाकडे पाठ फिरवणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना आपण उठता-बसता शिव्या देतो. त्यांतल्या किती जणांनी पहिला धडा अशाच एखाद्या खोलीत गिरवला असेल, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

आणि वसतिगृहात जागा मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना होणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात वसतिगृहातली मुले जातीच्या छळामुळे ठरावीक मजल्यांवर एकत्र यायला भाग पडल्याचे नमूद आहे. हैदराबाद विद्यापीठातल्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढले गेले तेव्हा जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी गाद्या आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन उघड्यावर मुक्काम ठोकला. त्या जागेला नाव दिले 'वेलिवाडा', म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. १७ जानेवारीला त्यांतला रोहित वेमुला आपल्यातून गेला. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्या प्रकरणात आहे. डोक्यावर छप्पर असून भोवती आपले माणूस नसेल तर काय होते, ते या नावांनी सांगितले आहे.

शासन काय करते? राज्य शासनाची मागासवर्गीय वसतिगृहे आहेत आणि ज्यांना तिथे प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना चांगली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी अर्ज केलाच पाहिजे. पण हिशेब पाहा. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाच्या वीस हजारांना बाराने भागा. महिन्याला १,६६६ रुपये. पुण्यात या पैशात खाट तर सोडाच, खाटेखालची जागाही मिळत नाही. आणि हे पैसे घरमालकासारखे पहिल्या तारखेला येत नाहीत. हप्ता वेळेवर पडला नाही म्हणून विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात हेलपाटे घालणारी मुले आमच्याकडे येतात. भाडे आज द्यायचे आणि पैसे पुढच्या वर्षी घ्यायचे, हे ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच परवडते. पण ज्याच्या घरी पैसा आहे त्याला योजनेची गरजच काय?

आता कायद्याकडे वळू. वाचकांपैकी अनेक जण विचारतात, घर नाकारणाऱ्यावर केस करता येत नाही का? येते. पण त्यातली मेख समजून घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. खासगी राहत्या घराचा त्यात उल्लेख नाही. शिवाय अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. या निकालाचा फायदा कोण कसा उठवतो, हे वेगळे सांगायला नको.

परंतु आपल्या हाती कलम १७ आहे आणि त्याखालचा १९५५ चा कायदा आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या कलम ४ नुसार कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम ५ नुसार सार्वजनिक वसतिगृहात त्याच कारणावरून प्रवेश नाकारणे हाही गुन्हा आहे. आणि कलम १२ तर प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. तसे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही लागू होते.

तरीही या कलमांखाली खटले का उभे राहत नाहीत? कारण मालक शब्द जपून वापरतो. 'पाहुणे येणार आहेत', 'मिस्टरांना विचारते', 'देवघर आहे'. जात हा शब्द कोणीही उच्चारत नाही. म्हणून आमचा सल्ला असा. बोलणे शक्यतो मोबाईलवरच्या लेखी निरोपातून करावे. खोली पाहायला जाताना सोबत एक जण न्यावा. नाव सांगण्याआधीचे भाडे आणि नंतरचे भाडे लिहून ठेवावे. खोली मिळालीच तर तोंडी व्यवहार करू नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकाची असते. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते. ही एवढी माहिती असली तरी डिपॉझिट बुडवणारे निम्मे मालक सरळ होतात. अन्याय झाल्याचे स्पष्ट असेल तर तक्रार जरूर द्यावी. आम्ही सोबत येऊ.

पण वकील म्हणून आम्ही हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की खटला काही वर्षे चालतो आणि कॉलेज सोमवारी सुरू होते. त्या मुलीला कलम नको होते, त्या रात्रीसाठी छप्पर हवे होते. कायदा दार ठोठावायला उपयोगी पडतो. आत अंथरूण घालायचे काम समाजालाच करावे लागते.

आपल्या महापुरुषांना हे पक्के ठाऊक होते. राजर्षी शाहू महाराजांनी नुसत्या शाळा काढून थांबणे पसंत केले नाही. कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी, १९२५ मध्ये, सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी दोन वर्षे वसतिगृह! हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय निघाले तेव्हा नागसेनवनात मुलांच्या राहण्याची सोयही झाली. मराठवाड्याची पहिली शिकलेली पिढी त्याच माळावर घडली. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहाराने पँथरच्या पिढीतल्या अनेक तरुणांना आसरा दिला. चळवळीतले साहित्यिक, कार्यकर्ते, प्राध्यापक आकाशातून पडले नाहीत. ते कुठल्या तरी वसतिगृहाच्या खोलीत एकमेकांची पुस्तके वाचत, एकाच ताटात जेवत, रात्र रात्र वाद घालत तयार झाले.

मग आज आपण काय करतो आहोत? हा प्रश्न विचारल्याशिवाय दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला नाही. लंडनमध्ये बाबासाहेब विद्यार्थी असताना ज्या घरात राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, तिथे स्मारक झाले. आनंदच आहे. आपण तिथे जाऊन हात जोडतो, फोटो काढतो. पण तो एका विद्यार्थ्याचा बिऱ्हाडाचा पत्ता होता, हे विसरतो. पुण्या-मुंबईत आज आपल्या समाजाची हजारो कुटुंबे दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. वस्त्या-वस्त्यांतून विहारे उभी आहेत, संगमरवरी फरशी आहे, पंखे आहेत. आणि रविवारची वंदना झाली की सोमवार ते शनिवार कुलूप! जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जे उधळले जाते, त्यात किती मुलींचे डिपॉझिट भरले असते?

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. मोठ्या शहरातल्या प्रत्येक विहाराने जून ते सप्टेंबर खोल्यांची एक वही ठेवावी. आपल्या समाजात कोणाकडे खाट रिकामी आहे, कोण भाड्याने देणार आहे, ते त्यात लिहावे. ज्याच्या घरी एक माणूस मावतो त्याने वसतिगृहाची यादी लागेपर्यंत एक विद्यार्थी ठेवून घ्यावा. मुलींची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी. विहाराचे दार रोज संध्याकाळी सहा ते अकरा अभ्यासाला उघडे ठेवावे आणि ताडीवाला रोडच्या त्या कारकुनांसारखा एक तरी ज्येष्ठ तिथे बसावा. जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा डिपॉझिट निधीत टाकावा. डिपॉझिट खर्च होत नाही, ते परत येते. एकदा जमवलेले दहा हजार दरवर्षी नव्या मुलाच्या कामी येतात. करारनाम्याचे लिखाण आम्ही आणि आमचे वकील मित्र विनामूल्य करून देऊ. आणि विहाराच्या दारात आलेला विद्यार्थी मातंग असो, आदिवासी असो, भटका असो की मुसलमान असो, त्याला जात विचारू नये. शहरात मुसलमान मुलालाही आपल्यासारखीच दारे बंद असतात. निदान आपल्या दारात तरी 'पूर्ण नाव काय' हा प्रश्न नको.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. 'सांगू का तसं?' असे तिने विचारले तेव्हा आमच्या जिभेवर उत्तर तयार होते, 'मुळीच नाही, आपले नाव ताठ मानेने सांग.' पण ते सांगायचा अधिकार आम्हाला होता का? ताठ मानेने नाव सांगून तिने रात्री झोपायचे कुठे? आमच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. आणि आमच्या मनात काय आले? ऑडिट, पाहुणे, मुलाची परीक्षा, सोसायटीतले लोक. पेठेतल्या त्या मालकांची सगळी कारणे आमच्या डोक्यात रांगेत येऊन उभी राहिली होती!

आम्ही बाहेर जाऊन पत्नीला फोन केला. सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "एवढं सांगत काय बसलात? जेवलेत का ते?"

काकूंचा प्रश्न पंचवीस वर्षांनी पुन्हा आमच्या कानावर पडला.

मुलगी घरी आली. हॉलमध्ये बुद्धमूर्ती पाहून तिने वंदन केले आणि इकडे-तिकडे पाहिले. मग सहज विचारले, "बाबासाहेबांचा फोटो कुठंय, सर?" फोटो होता. पण आतल्या खोलीत होता. बुद्ध हल्ली कोणाच्याही हॉलमध्ये असतो, त्याच्यावरून कोणी काही ओळखत नाही. हॉलमधला फोटो आत कधी गेला, का गेला, ते आम्ही स्वतःलाही कधी विचारले नव्हते. त्याच रात्री खिळा ठोकला. आता तो दारातून आत येताच समोर दिसतो.

ती सव्वीस दिवस आमच्याकडे राहिली. वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव लागले तेव्हा बाप ज्वारीचे पोते घेऊन एस.टी.ने आला. आता ती रविवारी विहारात येते, आणि तिच्यासोबत तिच्या खोलीतल्या आणखी दोघी. त्यांतली एक आपल्या समाजाची नाही, असे पत्नी सांगत होत्या. आम्ही विचारलेले नाही.

तेव्हा बांधवांनो, उत्तर हे आहे. नाव पूर्ण सांगायचे धैर्य आपल्या मुलांनी दाखवायचे आणि ते सांगितल्यावर डोक्यावर छप्पर राहील याची हमी आपण द्यायची. त्यांनी नाव लपवले तर दोष त्यांचा नाही, आपल्या बंद दारांचा आहे. आमच्या विहाराने वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर पहिले घर आमचे लिहिले आहे. दुसऱ्या ओळीत कोण लिहिणार?

जय भीम!